उलटं चालणारं घर

मी एकतीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने घरात काय करावं तेच मला कळेना. बायको भाकरी थापत बसली की मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून उगाच "आत सरका, आत सरका" म्हणायचो. ती अंगणवाडीतून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, तीस वर्षांत तिथल्या कुठल्याच पोरानं तिला माझ्याएवढा त्रास दिला नाही. आमची मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेलेली. कमलनगरातलं घर तीन खोल्यांचं आणि माणसं दोनच.

एका पौर्णिमेला ती विहारातून परत आली ती बातमी घेऊनच. ज्या लेकरांच्या घरी काही अडचण येते, त्यांना काही महिने घरच्यासारखं सांभाळायला बीदरच्या बालसंरक्षण कार्यालयाला कुटुंबं हवी होती.

"दत्तक न्हाई," ती म्हणाली. "ठेवून घ्यायचं, जीव लावायचा, आणि त्यांच्या घराची घडी बसली की परत द्यायचं."

"म्हणजे लगेज," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याच दुपारी बीदरला जाऊन अर्ज घेऊन आलो.

मग घर बघायला कार्यालयातल्या अधिकारी मॅडम आल्या. धारवाडकडच्या होत्या, पण मराठी सावकाश आणि नीट बोलायच्या. त्यांनी संडास बघितला, पाण्याची टाकी बघितली, गच्चीला कठडा आहे का ते बघितलं. मग माझ्यासमोर बसून विचारलं, "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?"

मी खरं ते सांगितलं. "डबल बेल देतो."

मॅडमनी ते लिहून घेतलं. बायकोचा चेहरा पडला. "डबल बेल म्हणजे गाडी सोडायची बेल, मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे राग आला की हे घराबाहेर पडतेत. चहा पिऊन येतेत." मॅडमनी तेही लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बीदरला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. तिथं एक छोटं नाटक करायचं होतं. मी नव्या घरात आलेलं, न जेवणारं लेकरू व्हायचं आणि औरादचे एक निवृत्त हेडमास्तर माझे पालक. मी काम मनावर घेतलं. टेबलाखाली शिरलो आणि "मला माझी आई पायजे" असा गळा काढला. हेडमास्तरांनी आधी गोडीनं समजावलं, मग दहापर्यंत आकडे मोजले, शेवटी म्हणाले, "बाहेर ये, न्हाईतर नाव काढून टाकीन." मी बाहेर आलो नाही. खरं तर मला येता येत नव्हतं, कारण माझा गुडघा अडकला होता. दोघांनी बगलेत हात घालून मला ओढून काढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण बायकोनं त्या दिवसाचं एक वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: लेकराच्या घरच्या पद्धतींचा मान ठेवा, आपलं घर चांगलं आणि त्याचं वाईट असं त्याला कधीही वाटू देऊ नका. पुढं जे झालं ते या वाक्यामुळं झालं.

एका मंगळवारी दुपारी कार्यालयाची जीप आली आणि आठ वर्षांची एक मुलगी खाली उतरली. हातात लाल बादली, बादलीत कपडे, त्यावर कंगवा. तिची आई हुमनाबादला हायवेवरच्या एका ढाब्यात रोट्या करायची. मागच्या पायऱ्यांवरून घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि ती बीदरच्या दवाखान्यात होती. बाप बऱ्याच वर्षांपूर्वी हैदराबादला कामाला म्हणून गेला तो गेलाच. आई दवाखान्यात गेल्यावर पोरगी चार दिवस ढाब्यावरच, लॉऱ्यांच्या गर्दीत राहिली. मग कुणीतरी शहाण्या माणसानं फोन केला. बालकल्याण समितीनं तिला आमच्याकडं ठेवायचं ठरवलं, आई चालायला लागेपर्यंत.

तिनं बादली खाली ठेवली आणि मला विचारलं, "तुमी कोण?"

काका म्हणावं की आजोबा, ते आमचं ठरलंच नव्हतं. मी गडबडून म्हणालो, "मी कंडक्टर."

"बस कुठंय?"

"रिटायर झालो मी."

"काढून घेतले व्हय बस?"

"तसंच समज."

"मग तुमी भांडलाव न्हाई?"

त्या दिवसापासून मी तिचा 'कंडक्टर' झालो आणि बायको 'अक्का'.

पहिल्या संध्याकाळी बायकोनं भेंडीची भाजी केली होती. मुलीनं ताटाकडं बघितलं आणि हात मागं घेतला. मला वाटलं, आता ही टेबलाखाली जाणार. पण ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात भेंडी खात न्हाईत."

"कामून गं?" बायकोनं विचारलं.

"आई म्हनती, भेंडी खाल्ली की माणूस झोपेत घसरून पडतंय."

मला हसू फुटणार होतं. पण बायकोनं डोळे वटारले आणि भेंडी कढईसकट उचलून आत नेली. नंतर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू पुढं केली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'तिच्या आईच्या पद्धती'. त्याखाली पहिली ओळ: भेंडी नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ आली. त्यांच्यात म्हणे पाढे उभ्यानं म्हणत नाहीत, झोपून म्हणतात. रक्त डोक्यात जातं. मग ती अंथरुणावर आडवी पडून सातचा पाढा म्हणायची आणि सात चोक अठ्ठावीसला नेमकी झोपी जायची.

रविवारी तिसरी ओळ माझ्यावर आली. "आमच्यात रविवारी बाया येणी घालत न्हाईत. त्यांच्या हाताला सुट्टी असती. गडीमाणूस घालतंय."

"तुमच्या घरात गडीमाणूस कोण होता?" मी विचारलं.

"ढाब्याचा वस्ताद," ती पापणी न हलवता म्हणाली. वस्ताद म्हणजे तिथला मुख्य आचारी.

मी जन्मात कुणाची वेणी घातली नव्हती. खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून चार दिवस सराव केला. शेजारचे दर्जी अप्पा कुंपणावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "बैल घेतलाव का काय?" मी म्हटलं, "न्हाई, वेणी शिकायलोय." ते आत गेले, आणि पुढं बरेच दिवस आमच्या घरचं कापड शिवायला घ्यायला का-कू करायचे. पुढच्या रविवारी मी घातलेल्या वेण्या दोन्ही कानांवर शिंगांसारख्या ताठ उभ्या राहिल्या. पोरगी आरशात बघून म्हणाली, "वस्तादपरीस बऱ्या हायत."

चौथी ओळ मात्र भारी होती. तिच्या घरी म्हणे संध्याकाळी जेवणाआधी सगळे घराभोवती एक फेरी उलटं चालतात. बायको जरा थबकली. ती आयुष्यभर विहारात बायकांना अंधश्रद्धेविरुद्ध समजावत आलेली. लिंबू-मिरची दिसली की तिचा पारा चढतो. तिनं जपूनच विचारलं, "हे कशासाठी गं बाळ? देवाधर्माचं हाय का काही?"

"न्हाई. दिवसभर माणूस पुढं चालून चालून गुडघे जाम व्हतेत. उलटं चाललं की मोकळे व्हतेत. आई म्हनती. आन् बोलायचं न्हाई. बोललं की पुन्हा जाम."

मग हरकत नव्हती, हा व्यायाम होता. त्याच संध्याकाळपासून आम्ही तिघं घराभोवती उलटं चालू लागलो. पुढं मी, मधे बायको, मागं पोरगी. उलटं चालताना पुढचा माणूस सगळ्यांच्या मागं असतो, हे मला दोनदा मागच्या दारच्या लिंबाला डोकं आपटल्यावर कळलं. पण खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत बायकोचा उजवा गुडघा खरंच बरा वाटायला लागला. ती म्हणाली, "आईला अनुभव असणार. उभ्यानं काम करणाऱ्या बाईला गुडघ्याचं कळतंय."

दर गुरुवारी मुलीचं आईशी फोनवर बोलणं व्हायचं. आई तेव्हा दवाखान्यातून सुटून हुमनाबादला भावाच्या एका खोलीत, सात माणसांत, भिंतीला टेकून दिवस काढत होती. फोनवर बोलताना लेकराला मोकळं सोडा, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून पोरगी बायकोचा मोबाईल घेऊन मागच्या दारी लिंबाखाली जायची आणि आम्ही पुढच्या दारी बसायचो. ती आईला काय सांगत होती ते आम्हाला तीन आठवडे माहीत नव्हतं. ते नंतर कळलं.

ती सांगत होती, "आई, हितं तिन्हीसांजेला समदे घराभोवती उलटे चालतेत. कुणी बोलत न्हाई. कंडक्टरनं खिडकीला दोऱ्या बांधल्यात आन् त्यात गाठी मारतोय. मला रविवारी शिंगं काढतेत. आन् झोपवून मंत्र म्हनायला लावतेत."

एवढं ऐकून जगातल्या कुठल्या आईला झोप येईल? आमच्या भागात भानामतीच्या गोष्टी ऐकतच माणूस मोठा होतो. त्या बाईनं मॅडमना फोन करून रडून सांगितलं, "माझी लेक भानामतीच्या घरात टाकलाव तुमी!"

मॅडम सांगून येऊ शकल्या असत्या. पण असली तक्रार असेल तर न सांगता बघायला जावं लागतं, आणि आई म्हणाली, मीही येणार, कुबड्या घेऊन येणार. असे सगळे एका संध्याकाळी जीपमधून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले.

आम्ही तेव्हा तिसऱ्या कोपऱ्यावर होतो. पाठ रस्त्याकडं करून मी पुढं, म्हणजे मागं, चाललो होतो. पाठीला काहीतरी मऊ लागलं. संध्याकाळी म्हशी परत येतात, मला वाटलं त्यातलीच एक. नियम मोडू नये म्हणून मी तोंडानं बोललो नाही, फक्त हातानं मागं दोन थापा मारल्या आणि जिभेनं "च्यक् च्यक्" केलं.

"नमस्कार," म्हैस म्हणाली.

मी वळलो. मॅडम होत्या. त्यांच्यामागं कुबड्यांवर एक काटक बाई, डोळे विस्फारलेली. "बघा! बघा! मी सांगत न्हवते? उलटे चालायलेत का न्हाई?"

बायकोनं घाईत तिथंच नियम मोडला. "अहो ताई, हे तुमच्याच पद्धतीनं चाललंय की!"

"आमची कसली पद्धत?"

"गुडघे मोकळे व्हायची."

"कुणाचे गुडघे?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दोघींची मान एकाच वेळी पोरीकडं वळली. पोरगी कुंपणावर चढून आभाळातले बगळे मोजत होती.

बायको आत गेली आणि कॅलेंडर काढून घेऊन आली. अंगणात खुर्च्या टाकल्या. मॅडमनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि प्रत्येक ओळीनंतर आईकडं बघितलं. पाढे झोपून? आई म्हणाली, "छ्या!" रविवारी गडीमाणसानं वेणी? आई म्हणाली, "वस्तादला धड टोपी घालता येत न्हाई, तो येणी घालतोय?" उलटं चालणं? तोपर्यंत आई हसायला लागली होती. आधी तोंडावर पदर धरून, मग पदराशिवाय. एक कुबडी खाली पडली, ती उचलायला मी वाकलो तर दुसरी माझ्या डोक्यात पडली. मॅडम सरकारी माणूस, हसू नये म्हणून ओठ दाबून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"आणि भेंडी?" मॅडमनी शेवटी विचारलं.

आईचं हसू थांबलं. ती जरा ओशाळली. "ते... ते मातर मीच म्हनले होते. ढाब्यावर दिवसाला धा-धा किलो भेंडी चिरून हाताला चिकट बसलंय माझ्या. घरात कशाला करू? पोरगी मागायली, म्हनून तसं काहीतरी सांगितले."

मग तिनं लेकीला जवळ बोलावलं. "कामून केलीस गं असं?"

पोरगीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी भेंडीचं सांगितलं. ते खरं होतं. ह्यांनी ऐकलं. मग बघितलं, अजून किती ऐकतेत. हे ऐकतच गेले. मग मी काय करू?"

बायको चहा ठेवायला आत गेली.

चहा झाला. आईनं ते कॅलेंडर मागून घेतलं. तिला वाचता फारसं येत नव्हतं. वरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवून तिनं लेकीला विचारलं, हे काय लिहिलंय. पोरीनं वाचून दाखवलं, "तिच्या आईच्या पद्धती." आईनं बोट तिथंच ठेवलं. मग बायकोला म्हणाली, "अक्का, माझ्या नावानं एवढं कुणी ऐकलं न्हाई आजपतूर. माझा नवरा तर मी सांगितलेली भाजीसुदिक आणत न्हवता." हे म्हणताना ती हसत होती. बायकोला मात्र चहाची भांडी उचलायची एकदम घाई झाली.

त्यानंतर आई दर दुसऱ्या रविवारी बसनं यायला लागली. मी स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरांना दम देऊन ठेवला होता, की कुबड्यांची बाई दिसली की पुढची सीट, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरवायची नाही. घरी आल्यावर ती खुर्चीत बसून बायकोला ढाब्याची डाळ शिकवायची. बायको सदतीस वर्षं डाळ करत होती. पहिल्या रविवारी फोडणीवरून दोघींची चांगलीच जुंपली. दुसऱ्या रविवारी लसणावरून. तिसऱ्या रविवारी दोघी एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या आणि माझ्या वेण्यांवर हसत होत्या. पोरीला हे मुळीच पटलं नाही. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कंडक्टर, ह्या दोघी भांडायच्या बंद कामून झाल्या?"

"मैत्री झाली त्यांची."

"मग आता माझं कोण ऐकणार?" तिनं खरोखर काळजीनं विचारलं.

तिचं ऐकणारं कुणी कमी नव्हतं, पण आता ऐकण्याआधी फोन व्हायचा. ती म्हणाली, डोकं दुखतंय, शाळेत जात नाही, की बायको फोन लावायची आणि आई तिकडून ओरडायची, "तिला उन्हात उभी करून विचारा, कुठं दुखायलंय!" डोकेदुखी लगेच थांबायची.

दवाखान्याच्या तपासण्यांना बायको आईबरोबर जायची. मॅडमनी खटपट करून आईला मदतीचे कागद करून दिले. जास्त वेळ उभं राहणं आता जमणार नव्हतं, म्हणून बसून पोळ्या लाटायचं काम हुमनाबादच्या एका खानावळीत मिळालं. शाळेजवळ एक खोलीही मिळाली. खोली बघायला आम्ही चौघं गेलो होतो. पोरीनं भिंतींवर हात फिरवला, खिडकी तीनदा उघडून बघितली आणि घरमालकाला सांगितलं, "आमच्यात पहिल्या महिन्याचं भाडं देत न्हाईत." आईनं तिचा कान धरला.

नऊ महिन्यांनी समितीसमोर सगळे बसले. आई आता कुबड्या सोडून एका काठीवर चालत होती. समितीच्या बाईंनी पोरीला विचारलं, "आईकडं जायचंय ना?" ती म्हणाली, "व्हय." मग थांबून म्हणाली, "पर ह्या दोघांनाबी सुट्टीत यायला परवानगी द्या. ह्यांना एकट्यांना करमत न्हाई." समितीच्या बाईंनी आमच्याकडं बघितलं. मी आणि बायकोनं एकदमच मान हलवली.

सोडायला आम्हीच गेलो. लाल बादली होती, शिवाय आता दोन पिशव्याही झाल्या होत्या. नव्या खोलीत आईनं आम्हाला जेवायला वाढलं. डाळ अर्धी तिच्या पद्धतीची, अर्धी बायकोच्या. निघताना पोरगी दारात उभी राहून मला सूचना देत होती. पाणी उकळून प्यायचं, अक्काला दुपारी झोपू द्यायचं, दारात उभं राहून "आत सरका" म्हणायचं नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. गल्लीच्या वळणापर्यंत मी मागं बघितलं नाही. बायकोनं बघितलं, आणि मग तिला पुढचा खड्डा दिसला नाही.

हुमनाबादच्या स्टँडवर आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता उभे होतो. एक गाडी आली, कंडक्टर ओरडला, "कमला..." आणि पुढचं हॉर्नमध्ये गेलं. आम्ही चढलो. गाडीवर पाटी होती, पण डोळ्यांत पाणी असलं की पाटी वाचता येत नाही. तिकीट मागताना मी "दोन कमल..." म्हणालो आणि पुढचं नाक शिंकरण्यात गेलं. तासाभरानं गाडी थांबली आणि तो पोरगेला कंडक्टर आमच्यापाशी आला. "अज्जा, उतरा की. तुमचं कमलापूर आलं."

एकतीस वर्षं मी लोकांना योग्य गाडीत चढवलं. आणि कमलनगर सोडून कमलापूरला, थेट उलट्या दिशेला, कलबुर्गीच्या वाटेवर येऊन उतरलो. बायकोनं स्टँडवरून डझनभर लाल केळी घेतली, बाकावर बसली आणि एक सोलून माझ्या हातात दिलं. आम्ही चार-चार केळी खाल्ली. मग तिचा मोबाईल वाजला. आईचा फोन होता.

"अक्का, पोचलाव का नीट?"

"पोचलो की," बायको म्हणाली. "चहा ठेवलाय बघ."

नेमकी तेव्हाच समोर गाडी लागली आणि तिचा कंडक्टर जीव तोडून ओरडायला लागला, "कलबुर्गी! कलबुर्गी! कलबुर्गी!"

"मग ते कोण वरडायलंय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "हेच," ती म्हणाली. "सवय जाईना."